बशीतल्या पेशी, जपानची अळंबी आणि माझी मावशी

मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे वर्गात मराठीत बोललं की दंड व्हायचा, आणि माझ्या दंडातून शाळेचा एखादा बाक तरी नक्कीच आला असेल. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने माफ करा. पण हा विषय मराठीतच लिहायचा हे मी पक्कं ठरवलं होतं. कारण ज्या माणसासाठी मला तो शिकावा लागला ती माझी मावशी इंग्रजी वाचत नाही, आणि तिला मी जे चुकीचं सांगितलं तेही मराठीतच सांगितलं होतं.

गोष्ट अशी. माझी थोरली मावशी साताऱ्याला असते. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी तिचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरांनी केमोचे सहा डोस सांगितले. दोन झाले. केस गळायला लागले, तोंड आलं, वरणभातसुद्धा गिळवेना. नेमके त्याच सुमारास काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. त्यांच्याकडे ‘गॅनोडर्मा’ नावाच्या लाल बुरशीच्या गोळ्यांची बाटली होती आणि एक जाडजूड फाइल. फाइलमध्ये इंग्रजी रिसर्च पेपरच्या झेरॉक्स. “केमो म्हणजे विष. हे निसर्गाने दिलेलं आहे,” असं ते म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मी शनिवार-रविवारला तिथे गेले होते. काका म्हणाले, “तू इंग्रजी शाळेतली, इंजिनिअरिंगला आहेस. जरा वाच आणि सांग बघू, यात खरं किती.” मी वीस मिनिटं फाइल चाळली. जपानी नावं, उंदीर, आलेख, टक्के. मला एकदम भारी वाटलं, खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, “हो काका, जपानमध्ये यावर खरंच रिसर्च झालाय. अळंबीतल्या द्रव्याने कॅन्सरच्या पेशी मरतात असं लिहिलंय.” एवढं बोलून मी रात्रीच्या एसटीने हॉस्टेलवर आले, कारण सोमवारी सबमिशन होतं.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. मावशीने तिसरा केमो पुढे ढकलला होता. “आधी महिनाभर या गोळ्या घेऊन बघते,” असं तिचं म्हणणं. “आपली पोरगीच म्हणाली ना, रिसर्च झालाय.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तीच फाइल, या वेळी नीट, वाचायला घेतली. मदतीला माझी रूममेट. ती आमच्याच संस्थेच्या फार्मसी कॉलेजला आहे. खालचं जे काही आहे ते आम्ही दोघींनी मेसच्या टेबलावर, लायब्ररीत आणि एकदा लाईट गेल्यावर मेणबत्तीत बसून समजून घेतलेलं आहे.

पहिल्यांदा अळंबीबद्दल. भूछत्र म्हणा, अळंबी म्हणा, लहानपणी आपण जिला कुत्र्याची छत्री म्हणायचो ती म्हणा, ही झाडं नव्हेत, बुरशा आहेत. त्यांच्या पेशीला बाहेरून भिंत असते. ही भिंत कायटिनची (झिंग्याच्या कवचात असतं ते) आणि बीटा-ग्लुकान नावाच्या द्रव्याची बनलेली असते. आपल्या गोष्टीतला हिरो हे बीटा-ग्लुकान.

आता गंमत बघा. मेसचा भात आणि परीक्षेची उत्तरपत्रिका, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. भातातल्या स्टार्चमध्ये ग्लुकोजचे मणी एका तऱ्हेने जोडलेले असतात (अल्फा जोड), कागदातल्या सेल्युलोजमध्ये दुसऱ्या तऱ्हेने (बीटा जोड). जोड बदलला की भात पचतो आणि पेपर पचत नाही, म्हणजे दोन्ही अर्थांनी! अळंबीच्या भिंतीतल्या साखळीचा जोड तिसऱ्याच प्रकारचा असतो. त्याला बीटा-१,३ म्हणतात. मुख्य साखळी बीटा-१,३ आणि तिला मधून मधून बीटा-१,६ जोडाच्या छोट्या फांद्या. शिताके नावाच्या जपानी अळंबीतल्या लेंटिनान या द्रव्यात मुख्य साखळीतल्या दर पाच ग्लुकोजमागे अशा दोन फांद्या असतात. वर अशा तीन साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात. थोडक्यात तिपेडी वेणी.

आपल्या शरीरात बीटा-१,३ ची वेणी कुठेच बनत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टोकियोतले उंदीर

१९६० च्या दशकात टोकियोच्या नॅशनल कॅन्सर सेंटरमध्ये काही संशोधकांनी जपानी बाजारात मिळणाऱ्या खाण्याच्या अळंब्या घेतल्या, गरम पाण्यात त्यांचा अर्क काढला आणि तो गाठ असलेल्या उंदरांना टोचला. तेत्सुरो इकेकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर १९६९ सालचा आहे. शिताकेच्या अर्काने गाठीची वाढ ८०.७ टक्क्यांनी रोखली गेली असं त्यात आहे. त्याच वर्षी गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलं की शिताकेतलं नेमकं द्रव्य आम्ही वेगळं काढलं आहे. तेच लेंटिनान.

मी केमिकल इंजिनिअरिंगची असल्यामुळे मला सगळ्यात आवडला तो त्यांचा प्लांट. २०० किलो ताजी शिताके घ्यायची, गरम पाण्यात लीचिंग, मग अल्कोहोलने प्रेसिपिटेशन, मग पुन्हा पुन्हा शुद्धीकरण. शेवटी हातात किती? ३१ ग्रॅम. म्हणजे यील्ड ०.०१५५ टक्के. आमच्या लॅबमध्ये असं यील्ड आलं असतं तर सरांनी जर्नल परत केलं असतं. पण आपल्या प्रश्नासाठी ही संख्या फार महत्त्वाची आहे. अळंबी, अळंबीची वाळवून केलेली पावडर आणि लेंटिनान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलमधले बरेच पेपर ३१ ग्रॅमबद्दल बोलत होते. बाटलीत होती पावडर, आणि तीही शिताकेची नाही, गॅनोडर्माची! एका गाडीचं मायलेज दाखवून दुसरीच गाडी गळ्यात मारण्यासारखं झालं. मी वीस मिनिटांत हे बघितलंच नव्हतं. ‘मश्रूम’ हा शब्द दिसला आणि पुढे गेले.

त्या उंदरांबद्दलही एक गोष्ट रूममेटने दाखवली, जी मला आपणहून कधी कळली नसती. वापरलेली गाठ ‘सार्कोमा-१८०’ नावाची. ती उंदराची स्वतःची नसते, दुसऱ्या वाणाच्या उंदरातून आणून लावलेली असते. म्हणजे उंदराच्या शरीराला ती मुळातच परकी. प्रतिकारशक्तीला थोडा धक्का दिला की ती अशी गाठ हाकलायला तयारच असते. मावशीची गाठ मावशीच्याच पेशींतून झाली होती. शरीराला ती घरचीच वाटते. म्हणून उंदरातले ८० टक्के आणि माणसातले ८० टक्के यांत सातारा आणि टोकियोइतकं अंतर आहे.

बशीत काय मरतं

फाइलमधले उरलेले पेपर उंदरांवरचे नव्हते, पेशींवरचे होते. हे काम कसं होतं ते रूममेटने मला तिच्या लॅबमध्ये नेऊन दाखवलं. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेकडून कॅन्सरच्या पेशी मागवता येतात. त्या प्लास्टिकच्या बशीत, ३७ डिग्रीला, लाल-गुलाबी पोषक पाण्यात वाढतात. सगळ्यात प्रसिद्ध पेशी ‘हेला’. त्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये, तिला न विचारता घेतल्या होत्या. ती त्याच वर्षी वारली आणि तिच्या पेशी अजून जगभरच्या लॅबमध्ये वाढताहेत. हे ऐकल्यावर मी त्या बशीकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

तर, ९६ खळगे असलेली एक प्लेट घ्यायची (इडलीपात्राची नात म्हणा). प्रत्येक खळग्यात पेशी. ओळीओळीने अर्काचं प्रमाण वाढवत न्यायचं. ४८ तासांनी ‘एमटीटी’ नावाचं पिवळं द्रव्य घालायचं. पेशी जिवंत असेल तर ती त्याचं जांभळं करते, मेलेली काही करत नाही. मग मशीनमध्ये ठेवून जांभळा रंग किती ते मोजायचं. ज्या प्रमाणाला रंग निम्मा होतो त्याला आयसी-५० म्हणतात. झाला पेपर!

मी विचारलं, “मग रंग निम्मा झाला म्हणजे औषध सापडलं ना?” रूममेट म्हणाली, “फिनेल टाक. रंग शून्य होईल.”

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. विषारी अळंबीतही असंच आहे. ‘डेथ कॅप’ नावाच्या युरोपियन अळंबीत अमानिटिन हे विष असतं. ते पेशीतलं आरएनए बनवणारं यंत्रच बंद पाडतं. बशीत ते कॅन्सरच्या पेशी अगदी व्यवस्थित मारतं. ती अळंबी खाणाऱ्याचं लिव्हरही तितक्याच व्यवस्थित मारतं. आणि ती पूर्णपणे नैसर्गिक आहे.

आता आपल्या लोकांना पटेल असं गणित करू. धरा, एखाद्या अर्काचा आयसी-५० दर मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम आला. पेपरमध्ये हा आकडा फार गोंडस दिसतो. मावशीचं वजन ५० किलो. त्यात साधारण २५ लिटर पाणी. तेवढं प्रमाण सगळ्या शरीरात आणायचं तर १२.५ ग्रॅम अर्क लागेल. बाटलीतली गोळी ३०० मिलिग्रॅमची, म्हणजे ४२ गोळ्या. त्याही एकदम, आणि त्यातला कण न् कण आतड्यातून रक्तात गेला, लिव्हरने काही फोडलं नाही, किडनीने काही बाहेर टाकलं नाही आणि ४८ तास सगळं तसंच राहिलं तर. बाटलीवर लिहिलं होतं, सकाळी एक, संध्याकाळी एक.

शिवाय रेणूचा आकार. केमोत वापरतात त्या ५-फ्लुरोयुरॅसिलचा रेणूभार १३०. लेंटिनानचा साधारण पाच लाख, म्हणजे तीन हजारांच्या आसपास ग्लुकोजचे मणी. बीटा जोड फोडणारं एन्झाइम आपल्या पोटात नाही. एवढी मोठी वेणी आतड्याच्या भिंतीतून सहज पलीकडे जाईल अशी आशा मास ट्रान्सफर शिकलेल्या कुणी करू नये. जपानमध्ये लेंटिनान औषध म्हणून वापरलं गेलं तेव्हा ते शिरेतून देत असत.

वॉचमनकाका

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, चला, सगळं थोतांड आहे, विषय संपला. पण तसंही नाही. आणि माझ्या मते हाच या विषयाचा खरा गाभा.

शिरेतून द्यायच्या लेंटिनानचा डोस किती होता माहीत आहे? आठवड्याला २ मिलिग्रॅम. परत गणित. मावशीच्या अंगात चारेक लिटर रक्त. त्यात २ मिलिग्रॅम म्हणजे दर मिलिलिटरला ०.०००५ मिलिग्रॅम. आपल्या बशीतल्या आकड्याच्या हजारावा हिस्सा. एवढ्याशाने पेशी मरणं शक्यच नाही. आणि खरोखर, शुद्ध लेंटिनान बशीत कॅन्सरच्या पेशींवर टाकलं तर त्यांना ते मारत नाही. मग उंदरांच्या गाठी कशा विरघळल्या?

चिहारांच्या गटाने याचं उत्तर १९७१ मध्ये एका सुंदर प्रयोगाने दिलं. त्यांनी उंदरांची थायमस ग्रंथी काढून टाकली. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या शिपाई पेशी, याच ग्रंथीत तयार होतात. मग त्या उंदरांना लेंटिनान दिलं. गाठीवर परिणाम नाही. म्हणजे लेंटिनान स्वतः काही मारत नव्हतं, ते उंदराकडून मारून घेत होतं.

आपल्या हॉस्टेलचे वॉचमनकाका डोळ्यांसमोर आणा. रात्री दोनला ते खुर्चीत ‘जागे’ असतात. कुणीतरी गेटची कडी वाजवली की ताडकन उठतात, बॅटरी मारतात, कंपाउंडला फेरी घालतात, आणि त्या फेरीत मेसच्या मागे लपलेला भलताच चोर सापडतो. कडी वाजवणाऱ्याने चोराला हातही लावलेला नसतो. बीटा-ग्लुकान ही ती कडी. ती वेणी आपल्या शरीरात बनत नाही हे मघाशी सांगितलं ते इथे लागतं. मॅक्रोफेज आणि त्यांच्या भावंड पेशी लाखो वर्षं बुरशीशी लढत आल्या आहेत. बीटा-१,३ ची वेणी दिसली की त्यांना वाटतं, बुरशी घुसली! ही वेणी ओळखणारा त्यांच्या अंगावरचा एक हूक २००१ मध्ये सापडला. त्याचं नाव डेक्टिन-१. हूक अडकला की पेशी जागी होते, रासायनिक हाका मारते, इतरांना उठवते. त्या गडबडीत गाठीकडेही लक्ष गेलं तर गेलं.

‘तर’ वर जोर आहे. वॉचमनकाकाच आजारी असतील तर कडी वाजवून काय उपयोग? आणि चोर हॉस्टेलचाच ड्रेस घालून, आयकार्ड लावून फिरत असेल तर? उंदरांत असंही दिसलं की लेंटिनानचा डोस एका मर्यादेपलीकडे वाढवला की परिणाम वाढण्याऐवजी कमी होतो. सारखी कडी वाजत राहिली की काका लक्ष देत नाहीत, हा अनुभव आपल्यालाही आहेच. म्हणून ‘दोन गोळ्यांनी गुण नाही आला तर चार घ्या’ हा हिशेब इथे मुळातच चालत नाही.

अळंबीत थेट पेशीवर काम करणारी संयुगं नाहीतच असं नाही. कॉर्डिसेप्स मिलिटारिस या किड्यांवर वाढणाऱ्या बुरशीत कॉर्डिसेपिन असतं (उत्तराखंडातली महागडी कीडा जडी ही तिची नातेवाईक). त्याचा रेणू छोटा, अडेनोसिनसारखाच, फक्त एक ऑक्सिजन कमी. पेशी फसते आणि तो आरएनएच्या साखळीत घालते, आणि साखळी तिथेच तुटते. पण रक्तातलं एक एन्झाइम काही मिनिटांत त्याचा निकाल लावतं. म्हणून ब्रिटनमध्ये त्याला रासायनिक कवच चढवून नवं औषध बनवलं गेलं आणि २०१९ पासून त्याच्या माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. निसर्गाने दिलं खरं, पण पोचवायला केमिस्ट लागलाच.

माणसांचं काय?

उंदीर झाले, बशी झाली. मावशी माणूस आहे. माणसांवर काय झालं?

इथे जपानला मानलं पाहिजे, त्यांनी मोजून बघितलं. ट्रॅमिटिस व्हर्सिकलर या लाकडावर पट्ट्यापट्ट्यांच्या पंख्यासारख्या उगवणाऱ्या बुरशीपासून ‘क्रेस्टिन’ हे औषध काढलं गेलं. १९७७ मध्ये त्याला जपानमध्ये मान्यता मिळाली. हे तोंडाने घ्यायचं, दिवसाला ३ ग्रॅम. ‘लॅन्सेट’ मध्ये १९९४ मध्ये एक अभ्यास आला. जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले २६२ रुग्ण, अगदी मावशीसारखे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एकाला केमो, दुसऱ्याला केमो आणि शिवाय क्रेस्टिन. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ६० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ७३ टक्के.

हा आकडा वाचून मी लायब्ररीत एकटीच हसले. म्हणजे मी अगदीच चूक बोलले नव्हते! मग रूममेटने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. केमो, आणि केमो अधिक क्रेस्टिन. दोन्ही गटांत केमो होता. केमोऐवजी अळंबी असा गटच नव्हता. फाइलमध्ये ‘७३ टक्के’ ला पिवळ्या हायलायटरने रंगवलं होतं. त्याच ओळीतल्या ‘केमोथेरपी’ ला नव्हतं.

क्रेस्टिनबद्दल पुढेही सांगितलं पाहिजे. १९८० च्या दशकात ते जपानमधल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या कॅन्सरच्या औषधांपैकी होतं. १९८९ मध्ये तिथल्या सरकारने फेरतपासणी केली आणि ते केमोच्या जोडीनेच द्यायचं असं बंधन घातलं. लेंटिनानलाही १९८५ मध्ये मान्यता मिळाली होती, तीही जठराच्या कॅन्सरसाठी केमोच्या जोडीनेच. काही जुन्या चाचण्यांत फायदा दिसला. पण २०१६ मध्ये सुमारे ३०० रुग्णांवरची नवी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात एस-१ हे नवं केमो एकटं आणि एस-१ अधिक लेंटिनान अशी तुलना होती. लेंटिनान जोडल्याने आयुष्य वाढलं नाही. आज ही दोन्ही औषधं जपानच्या बाजारातून गेलेली आहेत. जिथे हा विषय जन्मला तिथेच.

आणि बाटलीतलं गॅनोडर्मा? त्यावरचा कोक्रेन आढावा २०१२ मध्ये आला आणि २०१६ मध्ये पुन्हा तपासला गेला. सगळं जग धुंडाळून त्यांना उपयोगी अशा पाचच चाचण्या मिळाल्या, एकूण ३७३ माणसं. कॅन्सरवर मुख्य उपचार म्हणून ते द्यावं याला पुरावा नाही, असं त्यांनी लिहिलं. बाकीच्या उपचारासोबत दिलं तर काही जणांत थोडा फायदा दिसला, पण चाचण्याच कच्च्या होत्या.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?’ हा प्रश्न आमच्या मजल्यावर प्रत्येकीने विचारला. शिताके कच्ची किंवा अर्धकच्ची खाल्ली तर काही लोकांच्या पाठीवर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल वळ उठतात. जपानमध्ये १९७७ मध्ये याची पहिली नोंद झाली आणि दोष लेंटिनानलाच दिला जातो. गॅनोडर्माची पावडर घेतल्यानंतर लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. थोड्या आहेत, पण केमोने लिव्हर आधीच थकलेल्या माणसाला थोड्या म्हणून सोडून देता येत नाहीत.

आपल्या हॉस्टेलमागे पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर पावसाळ्यात करड्या-पांढऱ्या केसाळ पंख्यांची बुरशी येते, खालून चिरा पडल्यासारखी. ती स्किझोफायलम. तिच्यातलं बीटा-ग्लुकानही जपानमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला, रेडिएशनच्या जोडीने, वापरलं गेलं होतं. ज्युनियर मुलींना हे सांगितल्यावर दोघीजणी ती खरवडायला निघाल्या होत्या. कृपया खरवडू नका. बघा, फोटो काढा, सोडून द्या.

हे सगळं घेऊन मी पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेले. मावशी पलंगावर बसली होती, डोक्याला स्कार्फ. मी वही काढली आणि तिला वेणीपासून वॉचमनपर्यंत सगळं सांगितलं. आकडे सांगताना माझी जीभ अडखळत होती, कारण ‘टक्के जिवंत’ हे शब्द तिच्यासमोर म्हणायचे होते. शेवटी मी म्हणाले, “मावशी, मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं. मी चुकले.”

काका खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग तेव्हाच म्हणायचं ना, की मला कळत नाही म्हणून.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. इंग्रजी येतं म्हणजे सगळं कळतं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी तसं धरून चालले होते.

मावशी मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. “मग बाजारात ती धिंगरी मिळते, तिची भाजी खाऊ की नको?” मी म्हटलं, डॉक्टरांनी परवानगी दिली तर खा, भाजी म्हणून खा, चांगली शिजवून. “ती मला तशीही आवडतेच,” ती म्हणाली.

सोमवारी तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं. पाच आठवडे उशीर झाला होता. काय घेतलं होतं ते डॉक्टरांना दाखवायला हवं म्हणून मी बाटली मागितली. मावशीने ती कपाटातून काढली, आतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि मला म्हणाली, “या वेळी तूही आत चल. आणि वही घे.”